टेबलाच्या मधला सोपा फटका वारंवार का चुकतो : एक्स्टेन्शन घ्यावे की रेस्ट वापरावा?

पूल खेळताना क्यू बॉल, म्हणजे क्यूने (खेळायच्या काठीने) मारायचा पांढरा चेंडू, टेबलाच्या मध्यावर किंवा त्याच्याही पलीकडे असतो, समोरचा चेंडू पॉकेटपासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो, फटका सरळ असतो, आणि तरीही तो चुकतो. अवघड कोनातले जवळचे चेंडू सहज घालणारा खेळाडू हा सोपा फटका मात्र पुन्हापुन्हा का घालवतो, हा प्रश्न इंदूरच्या विजयनगर आणि भंवरकुआ भागांतल्या पूल पार्लरमध्ये नव्याने खेळू लागलेली मुलेमुली नेहमी विचारतात, आणि त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे ‘एक एक्स्टेन्शन (क्यू लांब करणारा जोडतुकडा) घेऊन टाक’. हे उत्तर काही खेळाडूंच्या बाबतीत अगदी योग्य असते आणि काहींच्या बाबतीत पैसे वाया घालवणारे असते. आपण कोणत्या गटात मोडतो हे ओळखल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, म्हणून आधी दोष नेमका कोठे आहे ते पाहू.

हात पुरत नाही असे आपण सरसकट म्हणतो, पण खेळताना दोन हातांची दोन वेगळी कामे असतात. पुढचा हात कापडावर टेकून क्यूला आधार देतो आणि मागचा हात क्यू चालवतो. पुढचा हात क्यू बॉलच्या पुरेसा जवळ पोहोचतो, पण मागच्या हाताला धरायला क्यूच उरत नाही, अशी अडचण असेल तर एक्स्टेन्शन हाच तिच्यावरचा उपाय आहे. उलट पुढचा हातच चेंडूपर्यंत पोहोचत नसेल, तर क्यू मागे कितीही लांबवला तरी काही साधत नाही. तेथे हाताऐवजी आधार देणारे साधन, म्हणजे रेस्ट, लागतो. या दोन अडचणी बाहेरून सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत खेळाडू टेबलावर ओणवा होऊन ताणलेला असतो, आणि नेमकी येथेच निवड चुकते.

पुढचा हात चेंडूपासून दूर राहिला की काय होते, ते आकड्यांत पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. समजा, मागचा हात टिपेपासून, म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकापासून, ४८ इंचांवर आहे. पुढचा हात टिपेच्या मागे ८ इंचांवर असेल, तर दोन्ही हातांमध्ये ४० इंच अंतर राहते, आणि फटका मारताना मागचा हात ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तरी टीप फक्त १ मिलिमीटर सरकते. पुढचा हात १६ इंचांवर राहिला, तर हातांमधले अंतर ३२ इंच होते आणि मागच्या हाताच्या तेवढ्याच चुकीने टीप अडीच मिलिमीटर सरकते. म्हणजे चूक तेवढीच राहून तिचा परिणाम अडीचपट झाला, आणि क्यू बॉलला न मागितलेली साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागली. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येइतके बाहेर गेले की टीप निसटते, हे लक्षात घेतले तर अडीच मिलिमीटर ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. सरळ दिसणारा लांबचा फटका नेहमी एकाच बाजूला जात असेल, तर नेम तपासण्याआधी पुढच्या हाताचे चेंडूपासूनचे अंतर तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तपासण्याची पद्धत सोपी आहे, पण ती जोडीदाराबरोबर करावी, कारण स्वतःची ढब स्वतःला दिसत नाही. आपण ज्या टेबलावर खेळतो त्याच्या मध्यावर क्यू बॉल ठेवावा आणि लांबीच्या दिशेने फटका मारण्यासाठी उभे राहावे. नऊ फुटी टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र १०० गुणिले ५० इंच असते, आठ फुटीचे ८८ गुणिले ४४ इंच. त्यामुळे लांब बाजूने वाकल्यास मध्य अनुक्रमे २५ आणि २२ इंचांवर येतो, आणि त्यात कुशनसह कडेच्या पट्टीची रुंदी मिळवावी लागते. टेबलाच्या पृष्ठभागाची उंची नियमानुसार सव्वाएकोणतीस ते ३१ इंच असते, म्हणून कमी उंचीच्या खेळाडूला कमरेतून वाकायला जागा थोडी मिळते आणि त्याचा पुढचा हात आधी संपतो. या स्थितीत स्थिर राहून जोडीदाराला दोनच गोष्टी मोजायला सांगाव्यात : पुढच्या हातापासून क्यू बॉल किती लांब आहे, आणि मागच्या हाताच्या मागे क्यू किती शिल्लक आहे.

माझी भाची पाच फूट एक इंच उंचीची आहे आणि तिने आठ इंची एक्स्टेन्शन मागवायचे जवळजवळ ठरवले होते. विजयनगरच्या पार्लरमध्ये आम्ही असेच मोजमाप केले. तिचा डावा हात क्यू बॉलपासून १५ इंच अलीकडे टेकला होता, उजव्या पायाची टाच उचललेली होती, आणि मागच्या हाताच्या मागे क्यूचा वीतभर भाग न वापरता तसाच राहिला होता. ‘‘मामा, म्हणजे मी क्यूचा जो भाग वापरतच नाही, तोच आणखी लांब करणार होते?’’ असे ती म्हणाली आणि तिने टेबल सांभाळणाऱ्या मार्करला लगेच हाक दिली, ‘‘भैया, रेस्ट देना.’’ तिला एक्स्टेन्शन नको होते. त्याच टेबलावर सहा फुटांच्या जवळ उंची असलेल्या एका मुलाचे मोजमाप घेतले, तर त्याचा पुढचा हात चेंडूपासून नऊ इंचांवर आरामात टेकत होता, पण मागची मूठ क्यूच्या शेवटच्या रबरावर येऊन कोपर पुढे ओढले जात होते. एक्स्टेन्शनची गरज होती ती त्याला. उंच माणसाला कशाला लागते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात रेस्टशिवाय, नुसत्या हाताच्या आधाराने एक्स्टेन्शनचा खरा उपयोग लांब हातांच्या खेळाडूलाच होतो, कारण ५८ इंचांचा प्रमाणित क्यू त्याच्या ताणलेल्या दोन हातांना अपुरा पडतो.

एक्स्टेन्शनची लांबीही याच मोजमापातून ठरते. ताणलेल्या स्थितीत मागच्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग सरळ खाली सोडावा आणि मूठ कोठे येते ते पाहावे. ती क्यूच्या टोकाच्या दोन इंच मागे हवेत येत असेल, तर त्यात मुठीची रुंदी आणि इंच-दोन इंच मोकळीक मिळवून साधारण सात-आठ इंच पुरतात. पार्लरमध्ये बारा इंची किंवा त्याहून लांब एक्स्टेन्शन मिरवताना दिसते, पण लांबी वाढली की वजन वाढते आणि वजनाबरोबर क्यूचा तोल बिघडतो.

हा तोल नीट समजून घेण्यासारखा आहे. १९ औंसांचा क्यू मागच्या टोकापासून १९ इंचांवर तोलला जात असेल आणि त्याला आठ इंची, ३ औंस वजनाचे एक्स्टेन्शन लावले, तर तोलाचा बिंदू सुमारे ३ इंच मागे सरकतो. तेवढ्याच लांबीचे एक्स्टेन्शन दीड औंसाचे असेल, तर तो पावणेदोन इंचांपेक्षा थोडा कमीच सरकतो. तोल मागे गेला की पुढचा भाग हातात हलका लागतो, टीप किंचित वर उठू पाहते, आणि ज्या खेळाडूला आपल्या क्यूची सवय जडली आहे त्याचा फटका ठरवल्यापेक्षा वर किंवा लांब लागतो. यावर उपाय म्हणजे मागची मूठही साधारण तेवढीच मागे न्यावी आणि एक्स्टेन्शन लावून चार-पाच हलके फटके रिकाम्या टेबलावर मारून मगच डाव खेळावा. दोन एक्स्टेन्शनांपैकी एक निवडायचे असेल, तर मी पोकळ ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे हलके एक्स्टेन्शनच घ्यायला सांगेन.

आता ते क्यूला बसणार का, हा प्रश्न येतो, आणि येथे खरेदी सर्वांत जास्त फसते. मागून स्क्रूने बसणाऱ्या एक्स्टेन्शनसाठी क्यूच्या बटात, म्हणजे मागच्या जाड भागात, आटे असावे लागतात; रबर काढल्यावर आत आटे दिसले म्हणजे कोणतेही एक्स्टेन्शन बसेल असे नाही, कारण हे आटे कंपनीनुसार वेगळे असतात आणि कित्येकदा आत दिसणारे आटे वजनाच्या बोल्टसाठी असतात. शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) आणि बट यांच्या मध्ये बसणारे एक्स्टेन्शन घ्यायचे असेल, तर आपल्या क्यूचे हे दोन भाग जोडणारी पिन कोणती आहे, म्हणजे ५/१६-१८, ५/१६-१४, ३/८-१०, रेडियल की युनि-लॉक, हे दुकानदाराला सांगता आले पाहिजे. ‘‘पूलचाच क्यू आहे’’ एवढे सांगून भागत नाही. पार्लरच्या क्यूंना बहुधा मागे आटे नसतात. त्यांच्यासाठी बटावर बाहेरून चढवण्याचे, आत रबर असलेले नळीसारखे एक्स्टेन्शन असते. ते घेण्याआधी बटाच्या शेवटाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे. घेर ९९ मिलिमीटर आला, तर व्यास साडेएकतीस मिलिमीटर झाला, जो पूल क्यूसाठी नेहमीचा आहे. स्नूकरच्या क्यूचे बट याहून बारीक असते, त्यामुळे स्नूकरसाठी विकले जाणारे एक्स्टेन्शन पूल क्यूवर चढत नाही आणि पूलचे एक्स्टेन्शन स्नूकर क्यूवर सैल राहते.

चांगले बसणारे एक्स्टेन्शनही काही महिन्यांनी खडखडू लागते, अशी तक्रार फार येते. त्याची कारणे तीनच सापडतात. एक म्हणजे आट्यांत चॉकची पूड आणि हाताचा मळ साठतो. तो कोरड्या, ताठ ब्रशने काढावा, तेल घालू नये, कारण तेलाला पूड आणखी चिकटते. दुसरे म्हणजे बटातला वजनाचा बोल्ट सैल होतो आणि आवाज तेथून येतो. एक्स्टेन्शन काढून, क्यू सैल धरून बटावर मुठीने हलकेच ठोकल्यास खरा आवाज कोठून येतो ते कळते. तिसरे कारण चटकन ध्यानात येत नाही : एक्स्टेन्शनचा स्क्रू आत त्याच बोल्टाला टेकतो आणि दोन्ही तोंडे एकमेकांना पूर्ण भिडण्याआधीच थांबतो. कागदाची बारीक पट्टी फटीत ठेवून एक्स्टेन्शन आवळावे; पट्टी ओढल्यावर सहज निघून आली, तर तोंडे भिडलेली नाहीत असे समजावे आणि तो बोल्ट कारागिराकडून आत बसवून घ्यावा. गोंद लावून फट भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. लाकडी एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात ते क्यूला लावून ठेवू नये, कारण ओल धरलेले लाकूड फुगते आणि जोड अडकून बसतो.

रेस्टकडे वळण्याआधी आपल्या भागाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. स्नूकरचा उगम आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत १८७५ साली झाला असे मानले जाते, आणि इंदूरच्या पार्लरांमध्ये आजही पूल आणि स्नूकर एकाच छताखाली चालतात. त्यामुळे पूलच्या टेबलाखाली ठेवलेला रेस्ट पुष्कळदा मुळात स्नूकरचा असतो : लांब काठी आणि तिच्या टोकाला पितळेचे फुलीच्या आकाराचे डोके. स्नूकर क्यूची टीप ९ ते १० मिलिमीटरची असते, तर पूल क्यूची साधारण पावणेबारा ते १३ मिलिमीटरची, आणि पूलचा शाफ्ट टिपेच्या मागेही बराच लांबवर तेवढाच जाड राहतो. फुलीच्या अरुंद खाचेत तो तळापर्यंत बसत नाही, कडांवर तरंगतो आणि फटक्याच्या क्षणी हलतो. बऱ्याच फुल्यांना एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असते. काठी हातात फिरवून रुंद खाच वर आणली की ही अडचण संपते. पूलसाठी बनवलेल्या रेस्टचे डोके वेगळे असते, त्याला वेगवेगळ्या उंचीच्या अनेक खाचा असतात, आणि ते सुट्या क्यूच्या टोकावर बसवता येईल असेही मिळते. ज्याचा पुढचा हात कमी पडतो त्याने स्वतःचे काही विकत घ्यायचेच असेल, तर एक्स्टेन्शनऐवजी असे एक डोके घेऊन क्यूच्या पिशवीत ठेवावे.

डोके कोणतेही असो, ते सर्वांत खालच्या उपयोगी खाचेवर वापरावे. मध्ये दुसरा चेंडू अडवत नसताना स्पायडर, म्हणजे उंच पायांचा रेस्ट, उचलणे ही मोठी चूक आहे. स्पायडरची उंची चेंडूवरून क्यू नेण्यासाठी असते. गरज नसताना ती वापरली की क्यू खाली उतरता राहतो, आणि उतरत्या क्यूने नकळत थोडी जरी साइड लागली, तरी क्यू बॉल वाटेत वळतो. रेस्टवरून मारलेला चेंडू गोलाईने जातो, अशी तक्रार असेल तर तिचे मूळ बहुधा येथे असते.

रेस्ट धरण्याची रीत पाहू. डोके क्यू बॉलच्या मागे ८ ते १० इंचांवर ठेवावे. फार जवळ ठेवल्यास क्यू मागे घ्यायला जागा उरत नाही आणि फार लांब ठेवल्यास वर सांगितलेली अडीचपट चूक पुन्हा येते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने काठी क्यूच्या डावीकडे, किंचित तिरकी, टेबलावर आडवी टाकावी आणि डाव्या पंजाने कापडावर किंवा कडेच्या पट्टीवर दाबून धरावी. काठी हवेत उचलून धरणारे खेळाडू फार दिसतात. त्यांचा रेस्ट फटक्याबरोबर पुढे सरकतो आणि मग कापड गुळगुळीत आहे म्हणून दोष कापडाला दिला जातो. क्यूचे मागचे टोक पेन धरावे तसे अंगठा खाली आणि पहिली दोन बोटे वर ठेवून धरावे, कोपर बाजूला खांद्याच्या जवळपास उंचीवर न्यावे, हनुवटी क्यूच्या रेषेत आणावी, आणि हात फक्त कोपरापासून, आखूड आणि संथ चालवावा. फटक्याच्या शेवटी कोपर उचलले गेले तर टीप खाली जाते. क्यू बॉल उडत असेल किंवा टीप निसटत असेल, तर जोडीदाराला केवळ कोपराकडे पाहायला सांगावे. चॉक नीट लावून, मध्यावर किंवा किंचित वर मारावे. रेस्टवरून ड्रॉ (क्यू बॉल मागे परतवणारा फटका) आणि जास्त साइड मारण्याचा मोह टाळावा. पुढच्या चेंडूसाठी क्यू बॉल थोडा कमी सोयीच्या जागी थांबला तरी चालेल.

फटके योग्य असूनही रेस्ट डगमगत असेल, तर दोष वस्तूचा असू शकतो. एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने डोके पिळून पाहावे. ते फिरत असेल, तर लाकूड आटले आहे किंवा जुना गोंद सुटला आहे. डोके काढून, लाकूड साफ करून, इपॉक्सीने पुन्हा बसवणे हे अर्ध्या तासाचे काम असते आणि ते पार्लरमालकाकडून हक्काने करून घ्यावे. त्यानंतर खाचेतून नख हळूच फिरवावे. पितळेला कोठे बारीक कंगोरा निघालेला असेल तर नख अडकते, आणि जेथे नख अडकते तेथे शाफ्टही अडकतो व त्यावर ओरखडे उठतात. बारीक पॉलिश पेपरने ती जागा घासून, पूड पुसून टाकावी.

काही फटक्यांना दोन्ही साधने एकदम लागतात. क्यू बॉल दूरच्या कोपऱ्याकडे असेल, तर रेस्टचे डोके इतके पुढे जाते की क्यूचे मागचे टोकही टेबलावरच राहते आणि ते धरायला पुन्हा ओणवे व्हावे लागते. तेथे हलके एक्स्टेन्शन लावल्यास खेळाडू सरळ उभा राहून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून खेळू शकतो. पेनसारख्या पकडीत जड एक्स्टेन्शन बोटांना पेलत नाही, म्हणून हलक्याचा आग्रह येथे आणखी खरा ठरतो.

नियम या साधनांच्या विरोधात नाहीत. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या नियमांनुसार क्यूच्या आतले किंवा बाहेरून लावायचे एक्स्टेन्शन चालते, एका फटक्यासाठी दोन रेस्टपर्यंत वापरता येतात, आणि ते एकमेकांवर ठेवून उंची मिळवण्यासही हरकत नाही. टीप क्यू बॉलला लागते त्या क्षणी किमान एक पाय जमिनीवर असणे मात्र बंधनकारक आहे, आणि टेबलावर चढून ताणणाऱ्यांचा फाउल नेमका येथेच होतो. रेस्टचा स्पर्श कोणत्याही चेंडूला झाला तरी फाउल असतो, त्यामुळे फटक्यानंतर डोके घाईने न ओढता सरळ वर उचलून बाजूला घ्यावे. त्यासाठी कोणत्या बाजूला चेंडू नाहीत, हे फटक्याआधीच पाहून ठेवावे.

काही मुले रेस्ट मागायला संकोचतात आणि त्याऐवजी क्यू डाव्या हातात घेतात. डावा हात तयार केलेला असेल तर तो उत्तम पर्याय आहे, आणि मध्यम ताकदीच्या सरळ फटक्यांसाठी तो तयार करावाही. पण स्पर्धेच्या दिवशी प्रथमच तो वापरू नये. स्पर्धेला जाताना टेबल कोणत्या आकाराचे आहे आणि त्याबरोबर कोणत्या डोक्याचा रेस्ट मिळणार आहे, हे आयोजकांना आधी विचारून घ्यावे, आणि सरावाची पहिली काही मिनिटे त्याच रेस्टवरून टेबलाच्या मधले सरळ फटके मारण्यात घालवावीत.